ट्यूब किती चालली आहे?

जुनं सीटी स्कॅन मशीन विकत घेणाऱ्यांसाठी, आणि त्याच्या टेबलावर झोपणाऱ्यांसाठीही

सप्टेंबर २०२० मध्ये, कोरोनाची पहिली लाट ऐन भरात असताना, राज्य सरकारने छातीच्या एचआरसीटीचे दर बांधून दिले. १६ पेक्षा कमी स्लाइसच्या मशीनवर दोन हजार रुपये, १६ ते ६४ स्लाइसला अडीच हजार, ६४ च्या वर तीन हजार. दर ठरवायला काहीतरी मोजमाप लागतं आणि स्लाइसचा आकडा हाताशी होता, म्हणून तो घेतला गेला. पण त्यामुळे एक समज पक्का झाला. जितक्या स्लाइस जास्त तितकं मशीन भारी, हे रुग्ण बोलू लागले, सेंटरच्या पाट्यांवर तो आकडा मोठ्या अक्षरांत आला आणि जुनी मशीनं विकणाऱ्यांचं काम सोपं झालं.

तालुक्याच्या गावी जुनं सीटी मशीन घ्यायला कोण निघतं? बहुतेक वेळा एखादा रेडिओलॉजिस्ट, ज्याने शहरात दहा वर्षं दुसऱ्यांच्या सेंटरवर रिपोर्टिंग केलं आणि आता गावाकडे स्वतःचं काही उभं करायचं आहे. कधी वीस-पंचवीस खाटांचं हॉस्पिटल चालवणारा सर्जन. कधी चार-पाच डॉक्टर मिळून काढलेली भागीदारी. त्यांची गरज खरी असते. हायवेवरच्या अपघातात डोक्याला मार लागलेला माणूस, पोटात कळ घेऊन आलेला मुतखड्याचा रुग्ण, आणि सगळ्यांत घाईचा म्हणजे पक्षाघाताचा. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते देण्याआधी मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री सीटीशिवाय होत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचेपर्यंतच दोन तास जात असतील, तर गावातलं मशीन ही चैन राहत नाही.

नवं मशीन घ्यायचं तर रक्कम कोटीच्या घरात जाते. म्हणून जुन्याचा शोध सुरू होतो. फोनवर पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘किती स्लाइस?’ हा आणि दुसरा ‘किती वर्षांचं?’ हा. या क्षेत्रात वर्षानुवर्षं हात काळे केलेला सर्व्हिस इंजिनिअर मात्र आधी विचारतो, ‘ट्यूब किती चालली आहे?’ हा लेख त्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल आहे.

स्लाइसचा हिशोब

गॉडफ्रे हाउन्सफील्ड या ब्रिटिश अभियंत्याने बनवलेल्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला तो १ ऑक्टोबर १९७१ रोजी, लंडनच्या विम्बल्डनमधल्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलात. हाउन्सफील्ड ज्या ईएमआय कंपनीत होते ती आपल्याकडे ग्रामोफोन रेकॉर्डांमुळे माहीत. १९७९ चं वैद्यकातलं नोबेल त्यांना आणि अ‍ॅलन कॉरमॅक यांना मिळून मिळालं. तेव्हाच्या चित्रात आडवे-उभे ८० चौकोन होते. पुढे सरकत्या टेबलाभोवती अखंड फिरणारी क्ष-किरणांची ट्यूब आली, म्हणजे १९८९ च्या सुमाराचं स्पायरल सीटी. १९९८ मध्ये एका फेऱ्यात चार काप, म्हणजे स्लाइस, घेणारी मशीनं आली, काही वर्षांत सोळा, आणि २००४ मध्ये चौसष्ट.

एका फेऱ्यात जास्त काप म्हणजे तेवढाच भाग कमी वेळात. रुग्णाला श्वास कमी वेळ रोखावा लागतो, हालचालीने चित्र कमी बिघडतं. याचा सगळ्यांत मोठा उपयोग हृदयाला, कारण ते थांबत नाही. हृदयाच्या रक्तवाहिन्यांची सीटी अँजिओग्राफी नीट करायची असेल तर ६४ किंवा त्याहून वरचं मशीन हवं, आणि गँट्रीचा, म्हणजे ट्यूब फिरवणाऱ्या कड्याचा, एक फेरा सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात पुरा व्हायला हवा. डोकं, छाती, पोट, मुतखडा, हाडं, फुफ्फुसातल्या गुठळीचा शोध ही कामं चांगल्या अवस्थेतलं १६ स्लाइसचं मशीन व्यवस्थित करतं.

तेव्हा पहिलं काम विक्रेत्याला फोन करण्याचं नाही, आपल्या रजिस्टरकडे पाहण्याचं आहे. गेल्या वर्षी आपण आणि आसपासच्या डॉक्टरांनी किती रुग्ण सीटीसाठी बाहेर पाठवले? त्यात डोक्याचे किती, पोटाचे किती, हृदयाचे किती? गावात हृदयरोगतज्ज्ञ नसेल तर ६४ स्लाइसचा आकडा पाटीवर शोभेल, पण त्याची ट्यूब महाग, जनरेटर मोठा, वीज जास्त आणि सुटे भागही महाग. दिवसाला दहा-बारा रुग्णांच्या सेंटरला धडधाकट सोळा स्लाइस हे थकलेल्या चौसष्टपेक्षा केव्हाही बरं.

मशीन येतं कुठून?

जुनी मशीनं बाजारात येण्याची कारणं अनेक आणि ती विचारून घ्यावीत. मोठं हॉस्पिटल वरच्या श्रेणीचं मशीन घेतं आणि जुनं काढतं, हे सगळ्यांत चांगलं कारण. लीज संपते. दोन हॉस्पिटलं एक होतात. सेंटर बंद पडतं. आणि कधी ट्यूब गेलेली असते, नव्या ट्यूबचा खर्च मालकाला परवडत नाही, मग मशीन ‘जसं आहे तसं’ विकायला निघतं.

परदेशातून आलेल्या मशीनमागे आणखी एक गोष्ट असू शकते. अमेरिकेत ‘एक्सआर-२९’ नावाचं मानक आहे. रुग्णाला दिलेल्या किरणांची नोंद ठेवणं, मर्यादेपलीकडे मात्रा जाणार असेल तर आधी इशारा देणं, रुग्णाच्या शरीरमानानुसार मात्रा आपोआप कमी-जास्त करणं, आणि लहान मुलांसाठी वेगळे प्रोटोकॉल असणं या त्याच्या अटी. २०१४ च्या कायद्याने ठरवलं की हे मानक न पाळणाऱ्या मशीनवर केलेल्या अनेक स्कॅनचे मेडिकेअरचे पैसे २०१६ मध्ये पाच टक्के आणि २०१७ पासून पंधरा टक्के कापले जातील. ज्या मशीनमध्ये हे बसवणं शक्य नव्हतं, ते तिथल्या मालकाला तोट्याचं झालं. तिथे ज्याची किंमत अशी पडली ते मशीन दुसऱ्या देशात स्वस्त मिळालं, तर ते का स्वस्त आहे हे घेणाऱ्याला माहीत हवं.

‘रीफर्बिश्ड’ म्हणून जे विकलं जातं त्याचेही तीन दर्जे आहेत. एक, मूळ कंपनीने परत घेऊन दुरुस्त केलेलं. जीईचं ‘गोल्डसील’, फिलिप्सचं ‘डायमंड सिलेक्ट’, सीमेन्सचं ‘इकोलाइन’ ही त्यांची नावं. यात कंपनीची वॉरंटी असते, सॉफ्टवेअरचा परवाना असतो, आणि किंमतही त्याच मानाने असते. दोन, स्वतंत्र विक्रेत्याने आपल्या वर्कशॉपमध्ये उभं करून, चालवून, खराब भाग बदलून दिलेलं. तीन, जुन्या जागेवरून काढून, कव्हरं धुऊन, रंग मारून थेट तुमच्या दारात आणलेलं. दुसऱ्या आणि तिसऱ्यात बाहेरून काही फरक दिसत नाही. इमेजिंग यंत्रांचं रीफर्बिशिंग कसं करावं यासाठी आयईसी ६३०७७ हे आंतरराष्ट्रीय मानक २०१९ पासून आहे. विक्रेत्याने ते पाळलं का, काय बदललं, काय तपासलं, याची लेखी यादी मागावी. यादी द्यायला जो टाळाटाळ करतो त्याचं मशीन तिसऱ्या दर्जाचं समजावं.

ट्यूब

बैल घेताना दात पाहतात. सीटी घेताना ट्यूबचा काउंट पाहावा.

ट्यूबच्या आत निर्वात पोकळी असते. एका बाजूला तापलेली फिलामेंट, दुसऱ्या बाजूला गरगर फिरणारी टंगस्टनची तबकडी. फिलामेंटमधून सुटलेले इलेक्ट्रॉन लाखभर व्होल्टच्या जोराने त्या तबकडीवर आदळतात. त्यातल्या ऊर्जेचा जेमतेम एक टक्का क्ष-किरणांत जातो, उरलेल्याची उष्णता होते. ती उष्णता झेलत, शिवाय गँट्रीबरोबर सेकंदाला दोन-तीन फेरे घेत, त्या तबकडीची बेअरिंग वर्षानुवर्षं चालायची असतात. म्हणून ट्यूब ही झिजणारी वस्तू आहे. ती संपणारच, प्रश्न फक्त कधी हा.

सीटी ट्यूबची किंमत लाखांच्या दोन आकडी रकमेत असते. जुन्या मशीनच्या किमतीचा मोठा वाटा एका ट्यूबमध्ये असतो, असं म्हटलं तर वावगं ठरणार नाही. प्रत्येक मशीन स्वतःच्या ट्यूबची नोंद ठेवतं. काही कंपन्या स्कॅन-सेकंदांत मोजतात, काही फेऱ्यांत, काही एक्स्पोजरच्या संख्येत. हा आकडा सर्व्हिस मेनूमध्ये असतो. विक्रेत्याने पाठवलेल्या फोटोवर विसंबू नये. आपल्यासमोर मशीन सुरू करून, ट्यूबचा सिरियल नंबर, ती बसवल्याची तारीख आणि काउंट तिन्ही एकत्र पाहावं. ट्यूब बदलताना काउंट शून्य करावा लागतो. पण ट्यूब न बदलताही तो शून्य करता येतो. म्हणून ट्यूबच्या अंगावरच्या पट्टीवरचं उत्पादनाचं वर्ष आणि काउंट एकमेकांशी जुळतात का, हे बघणं महत्त्वाचं.

शिवाय ट्यूब कोणती आहे? मूळ कंपनीची, की व्हॅरेक्स, डनली यांसारख्या ट्यूब बनवणाऱ्यांची नवी? हे दोन्ही पर्याय मान्य करण्यासारखे आहेत. तिसरा प्रकार म्हणजे दुसऱ्या मशीनमधून काढून लावलेली वापरलेली ट्यूब. ती ‘फ्रेश’ म्हणून विकली जाते.

आता एक हिशोब मांडू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, आपापल्या मशीनचे घालून पाहावेत. समजा दिवसाला १२ स्कॅन आणि वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे ३,६०० स्कॅन. एका स्कॅनला सरासरी १२ सेकंद किरण सुरू राहिले तर वर्षाला ४३,२०० स्कॅन-सेकंद. ट्यूबचं आयुष्य दोन लाख सेकंद आणि किंमत २५ लाख रुपये धरली, तर एका सेकंदाला साडेबारा रुपये, म्हणजे एका स्कॅनमागे १५० रुपये फक्त ट्यूबचे.

विक्रेत्याकडे एकाच मॉडेलची दोन मशीनं आहेत. पहिलं ६० लाखांना, ट्यूब दीड लाख सेकंद चाललेली. दुसरं ७५ लाखांना, ट्यूब नवी. बहुतेक जण पंधरा लाख वाचले म्हणून पहिलं घेतील. पण पहिल्याच्या ट्यूबमध्ये दीड लाख सेकंद कमी आहेत. त्यांची किंमत होते १८ लाख ७५ हजार. म्हणजे स्वस्त दिसणारं मशीन पावणेचार लाखांनी महाग पडलं. शिवाय त्याची ट्यूब साधारण चौदाव्या महिन्यात जाईल. तेव्हा बँकेचे हप्ते सुरू असतील, २५ लाख एकदम उभे करावे लागतील, आणि ट्यूब येईपर्यंत दहा दिवस मशीन बंद राहिलं तर अडीच हजार दराने तीन लाखांचं काम बुडेल. त्या दहा दिवसांत जे रुग्ण पुढच्या गावाला जातील, त्यांना पाठवणारे डॉक्टर पुन्हा आपल्याकडे वळतीलच असं नाही.

मशीन पाहायला जाताना

मशीन शक्यतो जुन्या जागी चालू अवस्थेत असतानाच पाहावं. एकदा ते काढून खोक्यांत भरलं की त्याच्याबद्दल कळू शकणाऱ्या निम्म्या गोष्टी गेल्या. सोबत विक्रेत्याशी संबंध नसलेला सर्व्हिस इंजिनिअर न्यावा. त्याच्या एका दिवसाची फी ही सगळ्या व्यवहारातली सर्वांत कमी आणि सर्वांत कामाची रक्कम असते.

सकाळी जावं, मशीन थंड असताना. वॉर्म-अप एका दमात होतो का, एअर कॅलिब्रेशन विनातक्रार पार पडतं का, हे पाहावं. मग पाण्याचा फँटम, म्हणजे चाचणीसाठीचं पाण्याने भरलेलं भांडं, ठेवून स्कॅन करावा. सीटीच्या मोजपट्टीवर पाणी शून्य आणि हवा उणे हजार. हाउन्सफील्ड यांच्याच नावाचं हे एकक. फँटमच्या मधोमध आणि चारही कडांना मोजल्यावर आकडा शून्याच्या आसपास आणि सगळीकडे सारखा यायला हवा. चित्रात एकात एक वर्तुळं दिसली तर समजावं की एखादा डिटेक्टर बिघडला आहे: तो ट्यूबबरोबर गोल फिरतो आणि आपली चूक चित्रात गोलच काढतो. असं वर्तुळ कधी कॅलिब्रेशनने जातं, कधी महागाचं मोड्यूल बदलावं लागतं. ‘इन्स्टॉलेशननंतर निघून जाईल’ या आश्वासनावर पुढे जाऊ नये. तिथेच काढून दाखवायला सांगावं.

त्यानंतर मशीनला थोडा घाम फोडावा. लागोपाठ लांब स्पायरल स्कॅन, वरच्या करंटवर. थकलेल्या ट्यूबमध्ये आतल्या आत ठिणग्या पडतात, इंजिनिअर त्याला आर्किंग म्हणतात. स्कॅन मध्येच तुटतो किंवा एरर येते. गेल्या सहा महिन्यांचा एरर लॉग काढून घ्यावा. आर्किंगच्या नोंदी वाढत चालल्या असतील तर काउंट कितीही कमी असो, ट्यूब आजारी आहे. गँट्री फिरताना कान द्यावा. बेअरिंगची घरघर अनुभवी माणसाला कळते. कव्हर उघडून, फिरत्या भागाला वीज पोहोचवणाऱ्या स्लिप रिंगवर कार्बनची काळी पूड किती साचली आहे ते पाहावं. टेबलावर माणसाइतकं वजन ठेवून ते सांगितलेल्या मिलिमीटरला थांबतं का, तेही.

शेवटी त्या सेंटरच्या टेक्निशियनबरोबर चहा घ्यावा. मशीन दिवसातून कितीदा रीस्टार्ट करावं लागतं, उन्हाळ्यात काय होतं, शेवटचा इंजिनिअर कधी येऊन गेला, हे त्याच्याइतकं खरं कोणी सांगत नाही.

कुलूप आणि किल्ली

सीटी मशीनचा निम्मा जीव सॉफ्टवेअरमध्ये असतो, आणि सॉफ्टवेअर विकत मिळत नाही, वापरायचा परवाना मिळतो. अँजिओग्राफी, थ्री-डी, परफ्युजन ही पॅकेजं त्या-त्या मशीनच्या क्रमांकाला बांधलेली असतात. मालक बदलला की परवाना आपोआप बदलेल असं नाही. सर्व्हिस मेनूचीही किल्ली असते आणि ती कंपनीकडे असते. तेव्हा कोणते परवाने कायमचे आहेत, कोणते मुदतीचे, मूळ सॉफ्टवेअरच्या प्रती आणि कॅलिब्रेशनचे फँटम मशीनबरोबर येणार का, हे यादी करून लिहून घ्यावं. फँटम जुन्या जागीच राहिला आणि नंतर वेगळा विकत घ्यावा लागला, असं सर्रास घडतं.

मॉडेलचं उत्पादन बंद केल्यावर कंपन्या काही वर्षं सुटे भाग पुरवतात आणि मग एका तारखेला थांबतात. ती तारीख कंपनीकडून लेखी घ्यावी. कंपन्याही बदलतात. तोशिबाचा वैद्यकीय विभाग २०१६ मध्ये कॅनॉनने घेतला, हिताचीचा इमेजिंग व्यवसाय २०२१ मध्ये फुजीफिल्मकडे गेला. गँट्रीवरचं नाव जुनं असेल, दुरुस्तीचा फोन मात्र नव्या नावाने लावावा लागतो. युरोपातल्या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने २०१४ मध्ये मांडलेली शिफारस अशी: पाच वर्षांपर्यंतचं यंत्र अद्ययावत, सहा ते दहा वर्षांचं नीट राखलेलं असेल तर वापरण्याजोगं, दहाच्या पुढचं बदलायला हवं. आपल्याकडे दहा वर्षांचं मशीन दुसऱ्या गावात नवा संसार थाटतं. त्यात अप्रामाणिक काही नाही, पण पुढची सात वर्षं त्याला भाग कुठून मिळणार, याचं उत्तर आधी हवं.

आणखी एक. जुन्या हार्ड डिस्कवर जुन्या रुग्णांची नावं, वयं, चित्रं असतात. विकणाऱ्याने ती पुसूनच मशीन द्यावं, आणि घेणाऱ्याने तसं लिहून मागावं.

झोपणाऱ्याचा हिशोब

आतापर्यंतचा हिशोब घेणाऱ्याच्या खिशाचा झाला. टेबलावर झोपणाऱ्याचा वेगळा आहे. निसर्गातून माणसाला वर्षाला जगभराच्या सरासरीने सुमारे २.४ मिलीसीव्हर्ट किरण मिळतात. डोक्याच्या एका सीटीत साधारण २, पोटाच्या सीटीत त्याच्या तीन-चार पट. गरजेचा स्कॅन असेल तर हा सौदा रुग्णाच्या फायद्याचाच. पण तेच चित्र कमी किरणांत मिळत असताना जास्त देणं हे समर्थनीय नाही. गेल्या दीड दशकात ‘इटरेटिव्ह रिकन्स्ट्रक्शन’ नावाची गणिती पद्धत रुळली. कमी मात्रेतल्या दाणेदार चित्रातून ती स्वच्छ चित्र उभं करते. जुन्या मशीनमध्ये ती असेलच असं नाही. दोन मशीनांत बाकी सगळं सारखं असेल, तर ही सोय ज्यात आहे ते घ्यावं. लहान मुलांचे स्कॅन होणार असतील तर हा मुद्दा सगळ्यांत वर.

नव्या आणि भारी मशीननेही चूक होते. लॉस एंजेलिसच्या सीडार्स-सायनाय या नावाजलेल्या हॉस्पिटलात २००८-०९ मध्ये दीड वर्ष मेंदूच्या परफ्युजन स्कॅनमध्ये दोनशेहून अधिक रुग्णांना ठरल्यापेक्षा सुमारे आठपट किरण दिले गेले. प्रोटोकॉलमधला बदल चुकीचा झाला होता. काहींचे केस गळू लागले तेव्हा ते उघडकीला आलं. जुनं मशीन दुसऱ्याच्या प्रोटोकॉलसकट येतं. ते पुसून, आपल्या रेडिओलॉजिस्टने स्वतः बसून, पुन्हा लावले पाहिजेत. आणि प्रत्येक स्कॅनची मात्रा मशीन दाखवतं आणि साठवतं का, हे घेण्याआधी पाहिलं पाहिजे.

कागद

सीटीत किरणोत्सारी पदार्थ नसतो. दिल्लीच्या मायापुरीत २०१० मध्ये भंगारात आलेल्या यंत्रात कोबाल्ट-६० होतं आणि त्याने एकाचा जीव घेतला. सीटीत तसं काही नाही, वीज बंद केली की किरण बंद. तरीही मशीन परवान्याशिवाय वापरता येत नाही. मुंबईत अणुशक्तीनगरला असलेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या, म्हणजे एईआरबीच्या, ‘ई-लोरा’ या ऑनलाइन व्यवस्थेतून सगळं होतं. साध्या एक्स-रेला नोंदणी पुरते, सीटीला लायसन्स लागतं. खोलीचा नकाशा, मशीन घेण्याची परवानगी, रेडिएशन सेफ्टी ऑफिसर, कर्मचाऱ्यांना मिळालेली मात्रा मोजणारे टीएलडी बिल्ले, बसवल्यानंतरची क्वालिटी अ‍ॅश्युरन्स चाचणी आणि मग लायसन्स, असा हा क्रम. ती चाचणी पुढेही दर दोन वर्षांनी करावी लागते.

जुन्या मशीनच्या बाबतीत घेणाऱ्याने पाहायचं ते हे: विकणाऱ्याच्या ई-लोरा खात्यावरून मशीन रीतसर उतरलं आहे का? मॉडेलला एईआरबीची मान्यता आहे का? मशीन एका सेंटरच्या नावावर आणि उभं दुसऱ्याच्या खोलीत, अशा स्थितीत उद्या तपासणी झाली तर दोघेही अडकतात.

आयातीचा कागद याहून नाजूक. २०१६ च्या घातक कचरा नियमांनी वापरलेल्या वैद्यकीय यंत्रांच्या आयातीवर बंधनं आणली, पुढे काही महागड्या यंत्रांना अटींवर वाट मिळाली. एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याच्या कक्षेत आली. आणि जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय औषध नियामकाने सीमाशुल्क खात्याला कळवलं की २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत रीफर्बिश्ड यंत्रांच्या आयातीची तरतूदच नाही. तेव्हा ‘कंटेनर न्हावा शेव्याला लागलाय, पंधरा दिवसांत मिळेल’ या भरवशावर आगाऊ रक्कम देऊ नये. आयात झालेल्या मशीनची परवानगी आणि बिल ऑफ एन्ट्री दाखवल्याशिवाय बोलणी पुढे नेऊ नयेत.

खोली, वीज, हवा

हे थोडक्यात. गँट्री सुमारे दोन टनांची, म्हणून पहिल्या मजल्यावरच्या स्वप्नाला आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर दाखवावा. सोळा स्लाइसच्या मशीनचाही जनरेटर चाळीस-पन्नास किलोवॅटचा असतो. महावितरणकडून तेवढा भार मंजूर होणं, वेगळा ट्रान्सफॉर्मर लागणं, चांगलं अर्थिंग आणि यूपीएस, यात महिने जातात आणि लाखो रुपयेही. खोली चोवीस तास थंड आणि कोरडी ठेवावी लागते. कोकणात दमटपणा आणि मराठवाड्यात उन्हाळा नि व्होल्टेज, दोन्हीकडे मशीनचे शत्रू वेगळे. मशीनच्या किमतीत हा खर्च न धरता केलेलं बजेट हमखास कोलमडतं.

करार

सौदा झाला असं वाटतं तेव्हा तो अर्धाच झालेला असतो. उरलेला अर्धा म्हणजे सर्व्हिस. एएमसीत, म्हणजे वार्षिक देखभाल करारात, फक्त माणसाची फेरी येते; सीएमसीत, म्हणजे ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ करारात, सुटे भागही. पण ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ लिहिलेल्या करारात बारीक अक्षरांत ट्यूब आणि डिटेक्टर वगळलेले असू शकतात. ट्यूबची वॉरंटी महिन्यांत आहे की सेकंदांत, आणि सरसकट आहे की वापराच्या प्रमाणात घटत जाणारी, हे पाहावं. इंजिनिअर कुठून येणार? पुण्याहून साताऱ्याला तो दुपारपर्यंत पोहोचेल; दिल्लीहून गोंदियाला कधी? त्या मॉडेलवर काम केलेले किती जण त्याच्याकडे आहेत? वर्षाला किती टक्के दिवस मशीन चालू राहील याची हमी आणि ती मोडल्यास दंड, हे करारात आकड्यांत हवं.

आणि पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत. मशीन जुन्या जागी चालताना पाहिल्यावर काही, ट्यूब आणि गँट्रीचे सिरियल नंबर जुळवून माल उतरवल्यावर काही, आणि शेवटचा चौथा हिस्सा आपल्या खोलीत क्वालिटी अ‍ॅश्युरन्स चाचणी पास झाल्यावर, तेही महिनाभर रोजचं काम निभावल्यावर. या अटीला जो विक्रेता तयार होतो त्याचा आपल्या मालावर विश्वास आहे. जो होत नाही, त्याच्याकडून मशीन घेऊ नये, मग किंमत कितीही मोहात पाडो.

घ्यावं की नाही?

घ्यावं, चार गोष्टी जुळल्या तर. मशीन दहा वर्षांच्या आतलं असावं आणि पुढची सहा-सात वर्षं भाग मिळण्याची लेखी खात्री असावी. ट्यूब नवी किंवा निम्म्याहून कमी चाललेली असावी, आणि ते आपल्या इंजिनिअरने पाहिलेलं असावं. कागद एईआरबीच्या खात्यावर सरळ उतरणारे असावेत. आणि दुरुस्तीला एका दिवसात पोहोचणारा माणूस असावा. यातली एक जरी गोष्ट नसेल तर नव्या मशीनचं कोटेशन मागवावं. आता सोळा-बत्तीस स्लाइसची नवी मशीनं पूर्वीपेक्षा आवाक्यात आली आहेत, काही बंगळुरूत बनतात. वॉरंटीची वर्षं, कर्जाचा दर आणि ट्यूबचे सेकंद धरून हिशोब केला तर जुनं आणि नवं यांतलं अंतर पुष्कळदा वाटतं त्यापेक्षा कमी निघतं.

वाचकांपैकी बहुतेकांना सीटी मशीन विकत घ्यायचं नाही, पण त्याच्या टेबलावर कधीतरी झोपावं लागेल. तेव्हा सेंटरच्या पाटीवरच्या स्लाइस मोजत बसू नका. एईआरबीचं लायसन्स कुठे लावलं आहे ते पाहा, शेवटची क्वालिटी अ‍ॅश्युरन्स चाचणी कधी झाली ते विचारा, आणि रिपोर्टसोबत किरणांच्या मात्रेची नोंद मागा. हे विचारायला रेडिओलॉजी शिकलेलं असावं लागत नाही, आणि ज्या सेंटरचं काम नीट आहे त्याला उत्तर द्यायला मिनिटभरही लागत नाही.